अमेरिकन खेळांतले 'अभेद्य' विक्रम: आकडे नेमके वाचायचे कसे?

टिपणवही

अमेरिकेच्या क्रीडा इतिहासातल्या दहा-बारा कामगिऱ्यांची टिपणं काढायचं काम हातात आहे. प्रत्येकी चार-पाच ओळी: काय केलं, कधी केलं आणि ते मोठं का. पहिल्या दोन गोष्टी कुठेही मिळतात, घोडं अडलंय ते तिसरीपाशी. जो तो 'हा विक्रम मोडणं अशक्य' असं लिहून मोकळा होतो. अशक्य का, ते कुणी लिहीत नाही.

सध्याचे प्रश्न:

१. बेसबॉलपटू जो डिमॅजिओ, १९४१, लागोपाठ ५६ सामन्यांत हिट. म्हणजे सामन्यागणिक निदान एक हिट, एवढंच ना? त्याचं इतकं कौतुक कशासाठी?

२. बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचे एका सामन्यात १०० गुण. चित्रफीत नाही म्हणतात. मग आकडा पक्का कसा मानायचा?

३. बॉब बीमनची लांब उडी, ८.९० मीटर. मेक्सिको सिटीची विरळ हवा वजा केली तर काय उरतं?

४. यादीत सहसा न येणारी, पण यायलाच हवीत अशी नावं.

क्रिकेट कळतं पण बेसबॉल कधी पाहिला नाही, अशा माणसाला समजेल असं सांगितलंत तर फार बरं.

शॉर्टस्टॉप

पहिला प्रश्न घेतो. आधी हिट म्हणजे काय ते. बॅटरने चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकाने चूक न करताही तो निदान पहिल्या बेसवर (मैदानातल्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर) सुखरूप पोचला, तर हिट. बेसबॉलची बॅटिंग सरासरी म्हणजे हिट भागिले अधिकृत संधी, बस. ती तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. .३०० म्हणजे दहा संधींत तीन हिट, आणि एवढं करणारा बॅटर उत्तम समजला जातो. म्हणजे उत्तम बॅटरही दहापैकी सातदा रिकाम्या हाताने परततो. क्रिकेटची सरासरी डोक्यातून पुसून टाका, तिचा इथे काही संबंध नाही.

आता ५६ सामन्यांचा हिशेब. सामन्यात साधारण चार संधी मिळतात असं धरू. .३०० वाल्याच्या चारही संधी फुकट जाण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे ०.२४. उलट बाजूने, एक तरी हिट मिळण्याची शक्यता ७६ टक्के. ऐकायला झकास वाटतं. पण हे ५६ वेळा लागोपाठ व्हायला हवं, म्हणजे ०.७६ चा ५६वा घात: साधारण ४८ लाखांत एक. .३५० वाला, म्हणजे अव्वल दर्जाचा बॅटर घेतला तर ६० हजारांत एक. डिमॅजिओने त्या ५६ सामन्यांत २२३ संधींत ९१ हिट मारले, म्हणजे .४०८. त्या दरानेसुद्धा शक्यता दीड हजारांत एकच्या आसपास. हा हिशेब एका ठरावीक ५६ सामन्यांच्या पट्ट्याचा आहे. कारकिर्दीत असे पट्टे पुष्कळ पडतात, म्हणून प्रत्यक्षात थोडं बरं. तरी पुराव्याला इतिहास आहे: इतक्या वर्षांत डिमॅजिओच्या सर्वांत जवळ गेलेले दोघे म्हणजे विली कीलर (४५, त्यातला एक सामना १८९६चा आणि ४४ सामने १८९७चे) आणि पीट रोझ (४४, १९७८). अकरा सामन्यांचं अंतर आहे मध्ये.

साखळी १५ मे १९४१ला सुरू झाली आणि १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये तुटली. त्या रात्री ६७ हजारांवर प्रेक्षक होते. तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने रेषेला लागून खोल उभं राहून दोनदा उलट्या हाताने चेंडू अडवला आणि मैदान ओलांडून पहिल्या बेसवर फेकला. मध्ये एक वॉक, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे (पिचरचे) चार चेंडू बाहेर गेल्याने फुकट मिळालेला पहिला बेस. आठव्या इनिंगमध्ये बेस भरलेले असताना डिमॅजिओचा चेंडू शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) लू बुद्रोकडे गेला आणि डबल प्ले झाला, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद. लगेच दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्याने आणखी १६ सामन्यांत सलग हिट मारले, ते सहसा कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी टेड विल्यम्सची सरासरी .४०६, म्हणजे ४५६ संधींत १८५ हिट. शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात एका पाठोपाठ दोन सामने होते. सकाळी त्याचा आकडा .३९९५५, पूर्णांकन केलं तर .४०० होतोच. बाकावर बसून राहिला असता तरी पुस्तकात .४०० लागलं असतं. तो दोन्ही सामने खेळला, आठपैकी सहा हिट. त्यानंतर कुणीही .४०० गाठलेलं नाही. तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब डिमॅजिओला.

'अशक्य' हा शब्द मी राखून ठेवतो तो सय यंगच्या ५११ विजयांसाठी (१८९० ते १९११). इथे गुणवत्तेचा प्रश्नच नाही, कामाची वाटणीच बदलली. आजचा सुरुवातीचा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा टाकतो, हंगामात ३२-३३ सामने. विजय त्याच्या नावावर लागायला त्याने किमान पाच इनिंग टाकायला हव्यात, तो बाहेर पडताना संघ पुढे हवा आणि नंतरच्या पिचर्सनी ती आघाडी सांभाळायला हवी. ५११ला पोचायचं तर वीस वर्षं दर वर्षी साडेपंचवीस विजय. १९९०मध्ये बॉब वेल्चने २७ जिंकले, त्यानंतर एका हंगामात २५ कुणालाच जमलेले नाहीत. यंगने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकट्याने टाकलेले सामने ७४९. अलीकडच्या हंगामांत सगळ्या संघांचे मिळून असे सामने वर्षाला तीसच्या आसपास असतात.

आणि एक गमतीचा: जॉनी व्हँडर मीर, १९३८, ११ आणि १५ जून, लागोपाठच्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही हिट दिला नाही. हा मोडायचा तर लागोपाठ तीन.

टिपणवही

घाताचा हिशेब सोन्यासारखा आहे, तसाच उचलतो. एक शंका: वॉक मिळाला की अधिकृत संधी मोजत नाहीत ना? मग चारही वेळा वॉक मिळाला तर साखळी तुटते का?

शॉर्टस्टॉप

नाही तुटत. सामन्यातल्या सगळ्या खेपा वॉक, अंगावर चेंडू लागणं, क्षेत्ररक्षकाचा अडथळा किंवा सॅक्रिफाइस बंट (सोबत्याला पुढे सरकवण्यासाठी स्वतः बाद होऊन हलकेच टेकवलेला चेंडू) अशा गेल्या, तर तो सामना साखळीच्या दृष्टीने झालाच नाही. मात्र सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही सोबत्याला धाव मिळवून देणारा उंच फटका) असेल आणि हिट एकही नसेल, तर साखळी तुटते. हिटच्या साखळीचं हेच दुखणं आहे: ज्याला पिचर घाबरतात त्याला वॉक जास्त, म्हणून मारायच्या संधी कमी. चारऐवजी तीनच संधी धरून वरचा हिशेब पुन्हा करून पाहा, .३५० वाल्याचाही आकडा कोसळतो.

जुनी_पाटी

शॉर्टस्टॉप, 'त्यानंतर कुणीही .४०० गाठलेलं नाही' हे वाक्य २०२४च्या मे महिन्यापर्यंत चाललं असतं. त्या महिन्यात मेजर लीग बेसबॉलने (अमेरिकेची सर्वोच्च बेसबॉल लीग) निग्रो लीगची, म्हणजे मेजर लीगमध्ये प्रवेश नसलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत सामावून घेतली. जॉश गिब्सनची १९४३ची सरासरी .४६६ आता एका हंगामाची सर्वोच्च आहे, आणि कारकिर्दीची .३७२सुद्धा. त्याआधी कारकिर्दीचा मान टाय कॉबच्या .३६७ला होता. विल्यम्सबद्दल 'अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) शेवटचा .४००' असं लिहा, ते निर्विवाद आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की त्या लीगचे हंगाम छोटे होते. होते, साठ-सत्तर सामन्यांचेच. म्हणून पात्रतेची अट ठरलेल्या सामन्यांच्या प्रमाणात लावतात. पण आक्षेप दुसऱ्या बाजूनेही घ्यायला हवा: १५ एप्रिल १९४७ला कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला, त्याआधीची साठेक वर्षं मेजर लीगच्या बॅटर्सनी सॅचेल पेजसारख्या कृष्णवर्णीय पिचरला अधिकृत सामन्यात तोंड दिलंच नव्हतं. बेब रुथचे ६० होमरन (१९२७), कॉबची सरासरी, डिमॅजिओची साखळी, सगळं त्या कुंपणाच्या आतलं. रॉबिन्सनचा ४२ क्रमांक १९९७मध्ये सगळ्याच संघांनी मिळून निवृत्त केला. तुमच्या यादीत त्याची नोंद करताना आकडे शोधत बसू नका. तारीख पुरेशी आहे.

चौथ्या प्रश्नासाठी जिम थॉर्प. १९१२, स्टॉकहोम, पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्ण. पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत पहिला. १९१३मध्ये दोन्ही पदकं काढून घेतली, कारण १९०९-१०मध्ये नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैसे घेऊन तो बेसबॉल खेळला होता आणि ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंपुरतं होतं. गंमत अशी की स्पर्धेच्या नियमांनुसार आक्षेप ३० दिवसांत नोंदवायला हवा होता, आणि तो आला काही महिन्यांनी. १९८२मध्ये पदकं परत मिळाली, पण 'सह-विजेता' म्हणून. एकट्याचं नाव लागलं ते जुलै २०२२मध्ये. त्यामुळे कोणत्या वर्षी छापलेलं पुस्तक हाती आहे त्यावर विजेता बदलतो! टिपणात चारही वर्षं द्या.

तीन_सेकंद

दुसरा प्रश्न. चित्रफीत नाही हे खरं, पण बास्केटबॉलच्या सामन्याची नोंद चित्रफितीवर कधीच अवलंबून नव्हती. गुणलेखक प्रत्येक बास्केट त्या त्या क्षणी खेळाडूच्या नावापुढे मांडतो आणि खेळाडूंची बेरीज फलकाशी जुळावी लागते. शिवाय चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरचं रेडिओ समालोचन ध्वनिमुद्रित आहे.

२ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. फिलाडेल्फिया वॉरियर्स १६९, न्यूयॉर्क निक्स १४७. प्रेक्षक ४,१२४. चेंबरलेनच्या ६३ फेकींपैकी ३६ आत, आणि फाऊलनंतर मिळणाऱ्या एकेका गुणाच्या ३२ फ्री थ्रोपैकी २८. ३६ दुणे ७२ अधिक २८, झाले १००. तीन गुणांची रेषा तेव्हा नव्हतीच, एनबीएत (अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) ती १९७९-८०च्या हंगामात आली. क्वार्टरनिहाय २३, १८, २८, ३१. ४८ मिनिटांत ६३ फेकी म्हणजे दर ४६ सेकंदांना एक.

यात डोळे विस्फारावेत ते ३६ बास्केटपेक्षा २८ फ्री थ्रोंवर. फ्री थ्रो हा चेंबरलेनचा कायमचा कच्चा दुवा, कारकिर्दीत जेमतेम ५१ टक्के. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी गुडघ्यांमधून, खालून वर फेकायचा, आणि ६१ टक्क्यांवर गेला. त्या एका रात्री ८७.५ टक्के. नेहमीच्या दराने फेकले असते तर १६-१७ आत गेले असते आणि आकडा नव्वदीच्या आत राहिला असता. पुढे त्याने ती पद्धत सोडून दिली, कारण ती बावळट दिसते असं त्याला वाटायचं. चांगली चालणारी गोष्ट दिसण्यापायी सोडली की काय होतं, त्याचा हा नमुना.

डाग लावायचाच तर तो शेवटच्या मिनिटांना लागतो. निक्स चेंडू धरून वेळ काढायचे आणि चेंबरलेन सोडून इतरांवर फाऊल करायचे, म्हणजे फ्री थ्रो दुसऱ्याला मिळेल. मग वॉरियर्सही चेंडू परत मिळवायला मुद्दाम फाऊल करायला लागले. सामना कधीच हातात आला होता, तरी. त्यात न्यूयॉर्कचा नेहमीचा सेंटर खेळत नव्हता आणि बदली आलेला डॅरल इमहॉफ फाऊलची मर्यादा भरून लवकर बाहेर गेला. शेवटची मिनिटं नाटकी होती, आकडा खरा आहे.

तुलनेला कोबी ब्रायंटचे ८१ घ्या, २२ जानेवारी २००६, टोरोंटोविरुद्ध. ४६ फेकींत २८ आत, त्यातल्या ७ तीन गुणांच्या, आणि २० फ्री थ्रोपैकी १८. सतरा फेकी कमी घेऊन ८१. कार्यक्षमता पाहाल तर मला हा सामना शंभराच्या वर वाटतो.

आणि चेंबरलेनचा खरा अभेद्य आकडा दुसराच आहे. १९६१-६२च्या हंगामात दर सामन्याला सरासरी ४८.५ मिनिटं, आणि सामना असतो ४८ मिनिटांचा! जादा वेळ धरून संघ जितका खेळला त्यातली फक्त आठ मिनिटं तो बाहेर होता, तेही एका सामन्यात त्याला बाहेर काढलं म्हणून. आज ताऱ्यांना ३५-३६ मिनिटांवर ठेवतात, मधूनच विश्रांतीचे सामने देतात. त्या हंगामाची ५०.४ गुणांची सरासरी याच मिनिटांवर उभी आहे.

त्या काळातले रिबाऊंड आजच्यांशी ताडू नका. फेकी जास्त, नेम कमी, म्हणून उडून येणारे चेंडूच जास्त. आणि ब्लॉक (अडवलेली फेक) व स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची अधिकृत मोजणी १९७३-७४पासूनची. बिल रसेलने कारकिर्दीत किती ब्लॉक केले याचा अधिकृत आकडाच अस्तित्वात नाही. त्याच्यासाठी एवढंच लिहा: १३ हंगाम, ११ विजेतेपदं.

वाळूचा_खड्डा

बीमनवर येतो. विरळ हवेचा मुद्दा अर्धवट सांगितला जातो. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर, हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या हिश्श्याहून अधिक कमी, त्यामुळे धावताना वेग जास्त मिळतो. त्या उडीला वारा होता सेकंदाला २.० मीटर, विक्रमासाठी चालणाऱ्या मर्यादेवर बरोबर. दोन्ही सवलती मान्य. पण त्याच दिवशी, त्याच खड्ड्यात, तीच हवा फुफ्फुसात घेऊन दुसरा आलेल्या क्लाउस बेअरची उडी ८.१९. तिसरा राल्फ बॉस्टन ८.१६, चौथा इगोर तेर-ओव्हानेस्यान ८.१२. बॉस्टन आणि तेर-ओव्हानेस्यान हे तर तेव्हाच्या ८.३५ या विश्वविक्रमाचे भागीदार. हवा सगळ्यांना होती. ७१ सेंटिमीटरचा फरक हवेचा नाही.

दुसऱ्या बाजूने पाहा. १९३५मध्ये जेसी ओवेन्सने ८.१३ मारली. तिथून ८.३५पर्यंत यायला जगाला तीस वर्षं लागली: २२ सेंटिमीटर. १८ ऑक्टोबर १९६८ला एका उडीत ५५ सेंटिमीटर. मोजणाऱ्यांची पंचाईत अशी झाली की खड्ड्याच्या कडेने रुळावर सरकणारं दुर्बिणीचं नवं यंत्र होतं, आणि उडी यंत्राच्या रुळापलीकडे पडली. शेवटी पोलादी टेप आणून मोजली. मोजणी उडीफळीच्या रेषेपासून वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत, काटकोनात. म्हणजे मागे हात टेकला असता तर तेवढं गेलं असतं. माइक पॉवेलने ८.९५ मारली ३० ऑगस्ट १९९१ला टोकियोत, जवळपास समुद्रसपाटीवर, वारा फक्त ०.३. निखळ उडी म्हणून मी पॉवेलला वर ठेवतो. धक्का म्हणून बीमन. ऑलिंपिक विक्रम आजही बीमनचाच.

ओवेन्सचं बर्लिन (१९३६, चार सुवर्ण) तुमच्याकडे असणारच. त्याच्या शेजारी २५ मे १९३५, ॲन आर्बर, मिशिगन, हे लिहा. पाऊण तासात: १०० यार्ड ९.४ सेकंद, विश्वविक्रमाची बरोबरी. दहा मिनिटांनी लांब उडी, एकच उडी, ८.१३. मग २२० यार्ड २०.३. मग २२० यार्ड लो हर्डल्स २२.६. २२० यार्ड म्हणजे २०१.१७ मीटर, २०० मीटरपेक्षा लांब, म्हणून शेवटच्या दोन वेळा २०० मीटरचेही विक्रम म्हणून धरल्या गेल्या. याच कारणाने कुठे 'चार', कुठे 'पाच', कुठे 'सहा विक्रम' असं छापलेलं दिसतं. त्यात गोंधळून जाऊ नका. पाठ दुखावलेली असताना केलेलं काम आहे हे. ती ८.१३ पुढे पंचवीस वर्षं टिकली.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर. १६ जुलै १९८८, इंडियानापोलिस, १०० मीटर उपांत्यपूर्व शर्यत, १०.४९. आधीचा विक्रम १०.७६ होता. वाऱ्याच्या मापकावर त्या शर्यतीला आकडा ०.०, आणि त्याच वेळी त्याच मैदानात तिहेरी उडीच्या मापकावर ४.३. शंका मापकावर आहे, धावण्यावर नाही. दुसऱ्याच दिवशी अंतिम शर्यतीत ती १.२ वाऱ्यात १०.६१ धावली, तोसुद्धा जुन्या विक्रमापेक्षा सरस वेळ. विक्रमाच्या यादीत १०.४९ आहे, तेच लिहा, पण पुढे १०.६१ही द्या.

उलटा प्रकार विल्मा रुडॉल्फचा. १९६०, रोम, १०० मीटरची अंतिम शर्यत ११.० सेकंद. वारा २.८. सुवर्ण मिळालं, विश्वविक्रम नाही. लहानपणी पोलिओ होऊन डाव्या पायाला पट्टा लावावा लागलेली ही मुलगी, त्याच ऑलिंपिकमध्ये २०० मीटर आणि रिलेही जिंकली.

एडविन मोझेस विसरू नका: ४०० मीटर हर्डल्स, १९७७ ते १९८७, सलग १२२ शर्यती जिंकल्या. त्याचं रहस्य मोजता येतं. दोन अडथळ्यांमध्ये ३५ मीटर. अडथळ्याआधी उडायचं आणि पलीकडे उतरायचं अंतर वगळलं तर साधारण ३१-३२ मीटर उरतात. मोझेस ती तेरा पावलांत कापायचा, दर पाऊल २.४ मीटरच्या आसपास, आणि हे शेवटच्या अडथळ्यापर्यंत. पावलांची संख्या विषम असली की दर वेळी तोच पाय पुढे येतो. चौदा झाली की पाय बदलतो, आणि ज्याला दोन्ही पायांनी सारखं उडता येत नाही त्याची लय तिथेच तुटते. बहुतेक जण पहिले काही अडथळे तेराने घेऊन दमले की पंधरावर यायचे. पंधरावर येणं म्हणजे पावलं आखडणं, आणि आखडलेल्या पावलात वेळ जातो. १९८०चं मॉस्को ऑलिंपिक बहिष्कारामुळे हुकलं, नाहीतर १९७६ आणि १९८४च्या मध्ये तिसरं सुवर्ण बसलं असतं असं मानायला भरपूर जागा आहे.

आणि चौथ्या प्रश्नाचं माझं एकच उत्तर: बेब डिड्रिक्सन. १६ जुलै १९३२, इव्हान्स्टन, इलिनॉय, राष्ट्रीय स्पर्धा आणि ऑलिंपिक निवड एकत्र. एका विमा कंपनीच्या संघातर्फे उतरली, आणि त्या संघात ती एकटीच. आठ प्रकारांत भाग घेतला: गोळाफेक, भालाफेक, लांब उडी, ८० मीटर हर्डल्स आणि बेसबॉल फेक यांत पहिली, उंच उडीत संयुक्त पहिली. संघाचे गुण ३०. दुसरा आलेल्या संघाचे २२, आणि त्या संघात २२ जणी! लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तीनच प्रकारांची परवानगी होती. हर्डल्स आणि भालाफेकीत सुवर्ण. उंच उडीत जीन शायलीइतकीच उंची गाठली, पण डोकं शरीराआधी दांडीपलीकडे गेलं असं ठरवून पंचांनी रौप्य दिलं. पुढे गोल्फ. १९५३मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि १९५४मध्ये तिने यूएस विमेन्स ओपन बारा फटक्यांनी जिंकली.

चौथा_डाऊन

अमेरिकन फुटबॉलचं थोडक्यात. जेरी राइस, झेललेल्या पासांवर २२,८९५ यार्ड, १९८५ ते २००४. वीस हंगामांनी भागलं तर दर वर्षी ११४५. एखाद्या वर्षी हजार यार्ड झाले की हंगाम चांगला समजतात. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२वर थांबला. या पदावर माणूस तिशीनंतर मंदावतो, म्हणून हा आकडा वेगापेक्षा टिकाऊपणाचा आहे. १९७८पासून नियम पासच्या बाजूने सैल होत गेले, तेव्हा क्वार्टरबॅकचे (पास फेकणाऱ्याचे) पासिंगचे जुने-नवे आकडे एका तक्त्यात मांडू नका.

१९७२चे मायामी डॉल्फिन्स: साखळीचे १४ अधिक बाद फेरीचे ३, सतरापैकी सतरा. २००७मध्ये न्यू इंग्लंड १८-० झाले आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, जायंट्सकडून १७-१४ हरले. २०२१पासून साखळी सामनेच १७ आहेत. आता निष्कलंक राहायचं तर निदान वीस जिंकावे लागतील.

आइस हॉकी घेणार असाल तर वेन ग्रेट्स्की, माणूस कॅनडाचा, पण एनएचएल (आइस हॉकीची लीग) दोन्ही देशांची. त्याचे ८९४ गोल 'अभेद्य' म्हणून वर्षानुवर्षं छापले गेले. ६ एप्रिल २०२५ला अलेक्झांडर ओव्हेच्किनने ८९५वा मारला. उरले ते असिस्ट (गोलला हातभार लावणारे पास): १,९६३. दुसऱ्या क्रमांकाच्या यारोमिर यागरचे गोल आणि असिस्ट मिळून एकूण गुण १,९२१. म्हणजे ग्रेट्स्कीने एकही गोल केला नसता तरी तो यादीत पहिलाच असता.

टिपणवही

भरपूर झालं, आता गाळणं हाच उद्योग. डिमॅजिओ, यंग, गिब्सन, रॉबिन्सन, थॉर्प, डिड्रिक्सन, ओवेन्स, बीमन, मोझेस, चेंबरलेन, राइस. अकरा. बाराव्या जागेसाठी जलतरणपटू मायकल फेल्प्स की शर्यतीचा घोडा सेक्रेटॅरिएट? घोडा यादीत चालेल का, हाही प्रश्नच.

तीन_सेकंद

फेल्प्सची आठ सुवर्णं (बीजिंग २००८) घ्यायची तर १०० मीटर बटरफ्लायवर थांबा: ५०.५८ विरुद्ध मिलोराद चाविचचे ५०.५९. भिंतीवरचं टचपॅड दाबलं गेलं तरच घड्याळ थांबतं, नुसतं बोट टेकून नाही. चाविच हात लांबवून सरकत आला, फेल्प्सने जवळ असतानाही आणखी अर्धा हात मारला आणि पॅडवर आदळला. तेवढ्यावर आठाचे सात झाले नाहीत.

जुनी_पाटी

घोडा घ्या. सेक्रेटॅरिएटची १९७३ची तिन्ही मोठ्या शर्यतींतली (केंटकी डर्बी, प्रीकनेस, बेलमाँट) वेळ आजही त्या त्या शर्यतीचा विक्रम आहे. केंटकी डर्बीत सव्वा मैलाचे पाच समान तुकडे पाहा: २५ १/५, २४, २३ ४/५, २३ २/५, २३ सेकंद. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वेगवान. घोडा दमत जायला हवा तिथे हा वाढत गेला. बेरीज १:५९ २/५. बेलमाँटमध्ये दीड मैल २:२४ सपाट, घोड्याच्या ३१ लांबींनी पुढे. आधीचा शर्यतविक्रम २:२६ ३/५ होता.

एक खबरदारी प्रीकनेसबाबत. त्या दिवशी मैदानावरच्या विद्युत घड्याळाने १:५५ दाखवलं, ते बिघडलेलं निघालं. मग हातातल्या घड्याळाची १:५४ २/५ ही वेळ अधिकृत झाली, म्हणजे विक्रम नाही. २०१२मध्ये मेरीलँडच्या रेसिंग आयोगाने चित्रफितींवरून पुन्हा वेळ काढायला लावली आणि १:५३ मान्य केली. टिपणात १:५३ लिहा. जुन्या पुस्तकात १:५४ २/५ दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.